सूनबाईंचा मूळपुरुष

आपल्या वसई पट्ट्यात पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगू शकणारा मनुष्य विरळा. आडनाव पोर्तुगीज, घराची ओळख मात्र अस्सल मराठी. कुणाचे घर बावखलावरून ओळखले जाते, कुणाचे एखाद्या आजोबाच्या धंद्यावरून. आडनाव बाप्तिस्म्याच्या वेळी देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले, आणि त्यामागे काय होते ते सांगणारा कोणी मागे राहिला नाही. त्यामुळे ‘मूळपुरुष’ हा शब्द आम्ही उभयतांनी जन्मभर पाठ्यपुस्तकातच वापरला. आमच्यापैकी एकाने इतिहास शिकवला आणि एकीने मराठी, तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. पण कधी घरात आला नाही.

तो घरात आला तो सूनबाईंमुळे. आमचा धाकटा मुलगा अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थायिक झाला आहे. सूनबाई तिकडच्याच. आईकडून आयरिश आणि म्हणून कॅथलिक; वडिलांकडून मात्र इंग्लिश, आणि तेही फार जुने. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे पोहोचलो, त्याच सुमारास नातवाला शाळेतून वंशवृक्ष काढून आणण्यास सांगितले होते. कागदाच्या एका अंगास आमच्याकडची चार पिढ्यांची नावे लिहून झाली आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या अंगास पोराने तेरा-चौदा पिढ्या सरळ उतरवून काढल्या. त्याच्यासमोर सूनबाईंच्या आत्यांनी जपून ठेवलेल्या एका जुन्या कागदाची प्रत होती. आत्यांच्या वडिलांनी तो कागद वळणदार अक्षरात लिहिला होता. अगदी शिरोभागी लिहिले होते: स्टीफन हॉपकिन्स, वॉर्टली गाव, ग्लॉस्टरशर परगणा, इंग्लंड, ‘मेफ्लॉवर’ जहाजाने १६२० साली आगमन, पत्नी कॉन्स्टन्स डडली.

‘मेफ्लॉवर’चे नाव आपल्याकडेही शाळेत कानावरून जाते. इंग्लंडमधील राजमान्य चर्चशी पटत नाही म्हणून हॉलंडला गेलेली काही मंडळी, आणि त्यांच्याबरोबर निव्वळ पोटासाठी निघालेले दुसरे लोक, असे १०२ उतारू घेऊन ते जहाज १६२० च्या सप्टेंबरात निघाले आणि नोव्हेंबरात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर केप कॉड येथे पोहोचले. त्या जहाजावरील पूर्वज असणे तिकडे केवढ्या मानाचे समजले जाते! त्यांच्या वंशजांची मोठी संस्था १८९७ पासून आहे, आणि तिच्यात प्रवेश हवा असेल तर प्रत्येक पिढीचा जन्म, विवाह व मृत्यू कागदोपत्री सिद्ध करून द्यावा लागतो. आपल्याकडे सोयरिकीच्या वेळी जेवढी चौकशी होते, तिच्या दसपट म्हणावी. आत्याबाईंना मात्र जहाजापेक्षाही ‘डडली’ या नावाचा अभिमान अधिक. डडली हे राणी एलिझाबेथच्या दरबारातील सरदार घराणे. जहाजावर कुणीही चढेल, असा त्यांचा भाव असे; डडलींची मुलगी कुणालाही मिळत नसे.

इतिहासाच्या मास्तरांना जुना कागद दिसला की हात स्वस्थ बसत नाहीत. सूनबाईंनाही उत्सुकता होती. बॉस्टन शहरात वंशावळींच्या अभ्यासासाठी १८४५ साली स्थापन झालेली एक जुनी संस्था आहे. तिच्या ग्रंथालयात त्यांनी आम्हांस दोनदा नेले. तिथे बसून जे वाचले त्याने आमची उन्हाळ्याची झोप उडाली.

पहिली गोष्ट ही कळली, की स्टीफन हॉपकिन्स नावाचा एक मनुष्य ‘मेफ्लॉवर’च्या अकरा वर्षे आधीच एका दुसऱ्या जहाजावर सापडतो. १६०९ च्या जूनमध्ये इंग्लंडहून व्हर्जिनियाच्या वसाहतीकडे नऊ गलबतांचा काफिला निघाला. त्यातील ‘सी व्हेंचर’ या मुख्य जहाजावर दीडशेच्या आसपास माणसे होती. जुलैच्या अखेरीस ते वादळात सापडले. लोकांनी रात्रंदिवस पाणी उपसले, आणि २८ जुलै रोजी जहाज बर्म्युडा बेटाच्या खडकांत जाऊन रुतले. नवल असे, की एकही माणूस बुडाला नाही. बेटावर वस्ती नव्हती; पण मासे, कासवे, पक्षी आणि रानडुकरे विपुल. मंडळींनी तेथे नऊ महिन्यांहून अधिक काळ काढला आणि तिथल्याच लाकडाची दोन लहान गलबते बांधली. त्या काळात हॉपकिन्स हा जहाजावरील धर्मोपदेशकाचा मदतनीस होता. रविवारच्या प्रार्थनेत स्तोत्रे वाचण्याचे काम त्याच्याकडे असे.

हा स्तोत्रे वाचणारा मनुष्य १६१० च्या जानेवारीत बंडाच्या आरोपाखाली बेड्या घालून उभा करण्यात आला. त्याने दोघांना एकांतात गाठून सांगितले होते, की गव्हर्नरसाहेबांचा अधिकार जहाजापुरता होता. जहाज फुटले तिथे तो संपला. आता प्रत्येकजण आपल्या मर्जीचा मालक. इथे देवाने भरपूर अन्न दिले आहे, व्हर्जिनियात गेलो तर कष्ट आणि उपासमार. मग जायचे कशाला? त्या दोघांनी लगोलग चहाडी केली. शिक्षा ठरली मृत्यूची. तेव्हा या गृहस्थाने रडून आकांत केला. आपण गेलो तर घरी बायको आणि मुले देशोधडीला लागतील असे परोपरीने विनवले. जहाजाचा कप्तान न्यूपोर्ट आणि इतर प्रतिष्ठित मंडळी मध्ये पडली, आणि गव्हर्नर गेट्स यांनी त्याला माफी दिली. हा सारा प्रसंग बेटावर असलेल्या विल्यम स्ट्रेची यांनी १६१० च्या जुलैत लिहिलेल्या दीर्घ पत्रात आला आहे. ते पत्र १६२५ साली छापले गेले. शेक्सपिअरने ‘टेम्पेस्ट’ नाटक लिहिताना त्याचा उपयोग केला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या नाटकात बेटाचा राजा होऊ पाहणारा दारुडा स्टेफानो आहे, त्याच्याकडे बोट दाखवणारेही आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही.

येथे कोणीही विचारील: स्टीफन हॉपकिन्स हे काय जगात एकाच माणसाचे नाव? बेटावरचा तो आणि ‘मेफ्लॉवर’वरचा हा एकच कशावरून? शंका रास्त होती, आणि जुन्या पिढीतील अभ्यासकांनी ती घेतलीही होती. वॉर्टली गावच्या हॉपकिन्सचा दाखला पुस्तकापुस्तकांतून चालत आलेला होता. त्याच्याशी बर्म्युडाची गोष्ट जुळवता येत नव्हती. बरे, कॉन्स्टन्स डडली ही तर कोणत्याच नोंदवहीत नव्हती. कोणीतरी कधीतरी तिला लिहिले, आणि मग नक्कल करणाऱ्यांनी तिचा संसार वाढवला.

गाठ सुटली ती १९९८ साली. केलेब जॉन्सन या संशोधकाने ‘द अमेरिकन जिनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकात लेख लिहून वॉर्टलीचा दाखला मोडीत काढला आणि हॅम्पशर परगण्यातील हर्सली नावाच्या खेड्याकडे बोट दाखवले. विंचेस्टर शहराजवळचे हे गाव. तेथील धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीत स्टीफन हॉपकिन्सची तीन मुले एकापाठोपाठ सापडली: एलिझाबेथ, १३ मार्च १६०४-०५, कॉन्स्टन्स, ११ मे १६०६, जाइल्स, ३० जानेवारी १६०७-०८. साल असे जोडून का लिहितात, हे वाचकांस सांगितले पाहिजे. त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई; जानेवारी-फेब्रुवारीतले बाळ त्यांच्या हिशेबाने आदल्या सालचे आणि आपल्या हिशेबाने पुढच्या सालचे. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कित्येक वंशावळींत मुले आईबापांच्या लग्नाआधी जन्मली आहेत!

‘मेफ्लॉवर’वर स्टीफनबरोबर असलेल्या थोरल्या दोन मुलांची नावे कॉन्स्टन्स आणि जाइल्स हीच होती. ही दोन नावे एका बापाच्या घरी, त्याच क्रमाने, योग्य त्या वयात जुळून येणे हा योगायोग नव्हे. शिवाय १६०८ नंतर हर्सलीत त्याच्या घरी पाळणा हलल्याची नोंद नाही. कारण १६०९ च्या जूनमध्ये घरधनी समुद्रावर होता. आणि मग येते एक दफनाची नोंद. ९ मे १६१३, मेरी हॉपकिन्स. दोनच दिवसांनी कॉन्स्टन्सच्या बाप्तिस्म्याला सात वर्षे पूर्ण होणार होती.

इथे आम्ही दोघेही थांबलो. मेरीच्या मागे तिच्या चीजवस्तूंची यादी करण्यात आली; इंग्लंडात ती पद्धत असे. त्या यादीत हर्सलीच्या मेरी हॉपकिन्सला ‘विधवा’ म्हटले आहे. नवरा तर जिवंत होता! ज्या बायकोच्या नावाने त्याने बर्म्युडाच्या वाळूवर प्राणांची भीक मागितली, आणि जिच्या नावामुळे ती मिळाली, तिला गावाने विधवा धरले आणि विधवा म्हणूनच पुरले. आमच्या लहानपणी आगबोटीवर गेलेल्या नवऱ्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. दोन महिने पत्र आले नाही की त्या वसईच्या पोस्टात जाऊन बसत. मेरीला तर पोस्टही नव्हते. बर्म्युडातून सुटलेली माणसे जेम्सटाऊनला पोहोचली ती १६१० च्या मे महिन्यात, आणि तिथे उपासमारीतून जेमतेम ६० जण वाचलेले त्यांना आढळले. अशा ठिकाणाहून हॅम्पशरच्या खेड्यात कोणाची खुशाली कोण कळवणार?

मेरीचे माहेर कोणते, याचाही अलीकडे शोध झाला आहे. ती ‘केंट ऊर्फ बॅक’ अशा जोडनावाच्या कुटुंबातली असावी, असे संशोधन सांगते. ‘ऊर्फ’ वाचून आम्हांस आपल्याच गावची आठवण झाली. स्टीफनचेही मूळ पुढे हाती लागले. ३० एप्रिल १५८१ रोजी त्याच परगण्यातील अप्पर क्लॅटफर्ड गावी त्याचा बाप्तिस्मा झाला. बाप जॉन हॉपकिन्स, आई एलिझाबेथ विल्यम्स. बाप विंचेस्टरात १५९३ साली वारला तेव्हा हा बारा वर्षांचा. सरदारकी कुठे दिसत नाही. दिसते ते साध्या रयतेतले, थोडेफार लिहितावाचता येणारे घर.

आम्ही शिक्षक माणसे, म्हणून या शोधातील एका गोष्टीचे आम्हांस विशेष वाटले. इंग्लंडात धर्मग्रामाच्या नोंदवह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला. बाप्तिस्मे, लग्ने, दफने आठवड्याच्या आठवड्याला लिहून काढायची. हर्सलीच्या ज्या धर्मोपदेशकाने कॉन्स्टन्सचे नाव लिहिले त्याला त्यात काय मोठे वाटले असेल? रविवारी एक पोर आले, पाणी घातले, ओळ लिहिली, वही मिटली. त्या ओळीचे दाम ३९२ वर्षांनी वाजले. आपल्याकडे ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहांच्या नोंदी सक्तीच्या केल्या, तेव्हा पद्धत आपलीही जुनीच. तथापि आपल्या धर्मग्रामांतील जुन्या वह्यांना वाळवी आणि पावसाळा यांच्यापासून कितपत राखले आहे, हे ज्याने त्याने आपल्या कार्यालयात जाऊन पाहावे.

पुढचे वृत्त थोडक्यात सांगतो. स्टीफन व्हर्जिनियातून परतला. १६१८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या व्हाइटचॅपेल येथील चर्चमध्ये त्याने एलिझाबेथ फिशर हिच्याशी लग्न केले. कॉन्स्टन्स आणि जाइल्स यांना नवी आई मिळाली. डॅमरिस नावाची बहीण झाली. थोरली एलिझाबेथ मात्र पुढे जहाजावर दिसत नाही. १६२० मध्ये हा मनुष्य पुन्हा समुद्रावर निघाला, आणि आता सारे घर बरोबर घेऊन: दिवस भरत आलेली बायको, तीन मुले, दोन गडी. वाटेतच मुलगा झाला. त्याचे नाव ओशियॅनस, म्हणजे आपण ‘सागर’ म्हणू. एकदा घर मागे ठेवून गेलेल्या माणसाने दुसऱ्या वेळी कोणालाच मागे ठेवले नाही, याचा अर्थ आम्ही आपल्या मनाशी लावला आहे. इतिहासाचे मास्तर म्हणतात पुराव्याशिवाय असा अर्थ लावू नये. मराठीच्या बाईंचे मत निराळे आहे.

केप कॉडला जहाज लागले तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट घडली. कंपनीची सनद व्हर्जिनियाच्या हद्दीची होती. हे ठिकाण हद्दीबाहेर. उतारूंपैकी काही जण म्हणू लागले, की आता आमच्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार कोणालाच नाही. ही कुजबुज मिटवण्यासाठी ४१ पुरुषांनी आपसांत करार करून त्यावर सह्या केल्या. अमेरिकेच्या इतिहासात तो ‘मेफ्लॉवर करार’ म्हणून गाजतो. कुजबुजणाऱ्यांची नावे वृत्तांतात दिलेली नाहीत. परंतु बर्म्युडातला युक्तिवाद ज्याने वाचला आहे त्याला आवाज ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही. करारावर स्टीफन हॉपकिन्सचीही सही आहे.

पहिल्या हिवाळ्यात त्या वस्तीतली जवळजवळ निम्मी माणसे मेली. हॉपकिन्सच्या घरातले एकही गेले नाही. त्याच्या अनुभवाचा वसाहतीला उपयोग होत होता. किनाऱ्याची पाहणी करताना ब्रॅडफर्ड (हेच पुढे गव्हर्नर झाले) यांचा पाय झाडाला लावलेल्या फासात अडकला, तेव्हा हा फास हरणांसाठी आहे हे आधीच सांगितले होते ते हॉपकिन्सने. १६ मार्च १६२१ रोजी समोसेट नावाचा तिथला मूळ रहिवासी मोडक्या इंग्रजीत स्वागत करीत वस्तीत शिरला. त्या रात्री त्याला मुक्कामाला ठेवले ते हॉपकिन्सच्या घरी. जुलैत वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट याच्याकडे लाल डगला आणि तांब्याची साखळी भेट घेऊन जे दोघे गेले, त्यातला एक हॉपकिन्स.

ही झाली मिरवण्यासारखी बाजू. आता दुसरी. केप कॉडवरील त्याच पहिल्या पाहणीत या मंडळींनी तिथल्या लोकांनी जमिनीत पुरून ठेवलेला मका उकरून नेला. हिवाळ्यासाठी नव्हे तर बियाण्यासाठी कुणीतरी राखलेले धान्य! पुढच्या वर्षी त्याची भरपाई करण्याचे ठरले, असे त्यांचेच वृत्तांत सांगतात. आणि ज्या पटुक्सेट गावठाणावर प्लिमथची वस्ती झाली ते गाव रिकामे होते कारण युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीने तिथली माणसे त्याआधीच काही वर्षांत मेली होती. हॉपकिन्सने ही साथ आणली नाही, हे खरे. रिकामे घर आयते मिळाले, हेही खरे.

सूनबाईंना या साऱ्याहून अधिक लागले ते एका मोलकरणीचे प्रकरण. वसाहतीच्या न्यायालयाची दप्तरे शाबूत आहेत, आणि हॉपकिन्सचे नाव त्यांत वरचेवर येते: मारहाण, रविवारी घरी दारू पिऊ देणे आणि खेळ मांडू देणे, दारू चढ्या भावाने विकणे, बॉस्टनकडे नऊ पेन्सांना मिळणारा आरसा सोळा पेन्सांना विकणे. (या शेवटच्यावर आमचा मुलगा खो खो हसला.) पण १६३९ च्या फेब्रुवारीतली नोंद हसण्यासारखी नाही. डॉरोथी टेंपल ही त्याच्या घरची करारबद्ध मोलकरीण गरोदर राहिली. पोराचा बाप एका मूळ रहिवाशाच्या खुनाबद्दल आदल्या वर्षीच फाशी गेलेला. कराराची दोन वर्षे बाकी होती. न्यायालयाने सांगितले की तोवर तिला आणि मुलाला पोसणे मालकाचे काम. हॉपकिन्सने साफ नाकारले. अवमानाबद्दल त्याला कैदेत टाकले. चौथ्या दिवशी त्याने तीन पौंड देऊन तिचा उरलेला करार दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि मोकळा झाला. त्या मुलीला चाबकाचे फटके देण्यात आले. पहिल्याच खेपेस ती मूर्च्छित पडली म्हणून दुसरी खेप सोडून दिली.

हे वाचून सूनबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांच्या आईची आजी आयर्लंडहून बॉस्टनमध्ये मोलकरीण म्हणूनच आली होती. शेवटी त्या एवढेच म्हणाल्या, की बायकोमुलांच्या नावाने स्वतःचा जीव वाचवणाऱ्याला हे कसे करवले? आम्हांस उत्तर सुचले नाही. १६२१ साली याच माणसाच्या दोन गड्यांनी तलवारीने द्वंद्व केले, तेव्हा डोके आणि पाय एकत्र बांधून दिवसभर ठेवण्याच्या शिक्षेतून त्यांची तासाभरात सुटका झाली ती मालकाच्या रदबदलीने. ही नोंद आम्ही त्यांना दाखवली. त्यांनी ती वाचली आणि पान परत केले. गडी कामाला येतात, असे त्या म्हणाल्या.

वास्तविक सूनबाईंचे घराणे आले ते मेरीच्या मुलीकडून. कॉन्स्टन्सने निकोलस स्नो याच्याशी लग्न केले, आणि १६५१ च्या सुमारास गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनी जहाजावरच्या कुटुंबांचा हिशेब मांडला तेव्हा तिला बारा मुले होती, बाराही हयात. स्टीफनचे मृत्युपत्र ६ जून १६४४ चे आहे. त्यात त्याने आपल्याला दुसऱ्या पत्नीशेजारी पुरावे असे सांगितले, जाइल्सला आपला मोठा बैल दिला आणि कॉन्स्टन्सला घोडी. हर्सलीच्या मेरीचे नाव कुठे नाही. तिचा नवरा शोधायला निघालेल्यांना मात्र तो तिच्याच दारात सापडला. तिची मुले, तिचे दफन, तिच्या भांड्याकुंड्यांची यादी. ही नसती तर बर्म्युडातला बंडखोर आणि प्लिमथचा प्रतिष्ठित नागरिक ही दोन निराळी माणसेच राहिली असती.

राहिला प्रश्न आत्याबाईंचा. त्यांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. मुलाचे मत असे की या वयात त्यांना सांगू नये. डडली गेले तर म्हातारीचे काय उरेल? सूनबाईंना लपवाछपवी नको होती. आम्ही पाहुणे, त्यातून व्याही. आम्ही गप्प राहिलो. अखेर एका रविवारी जेवणानंतर सूनबाईंनी सर्व कागद त्यांच्यापुढे ठेवले. आत्याबाईंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली आणि अर्धा तास मान वर केली नाही. मग विचारले, “या मेरीला मुले किती लहान होती?” सांगितले: आठ, सात आणि पाच. त्यांनी मान हलवली. वडिलांच्या हातच्या कागदावर काट मारू द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. त्यांचे अक्षर आपण खोडणार नाही म्हणाल्या. खाली जागा होती, तिथे सूनबाईंना लिहायला लावले. आता त्या कागदावर डडलीही आहेत आणि मेरीही.

ऑगस्टमध्ये आम्ही सारे केप कॉडवर ईस्टमला जाऊन आलो. कॉन्स्टन्स १६७७ साली तिथे वारली. दफनभूमी लहान आहे, समुद्राच्या खाडीजवळ. तिच्या आणि जाइल्सच्या नावाच्या खुणा वंशजांनी फार नंतर उभारलेल्या आहेत. गावाचे जुने नाव नॉसेट, म्हणजे जिथला मका नेला त्याच लोकांचे. परतताना प्लिमथच्या संग्रहालयात कॉन्स्टन्सची म्हणून सांगितली जाणारी उंच काळी टोपी पाहिली. नातीला ती चेटकिणीची वाटली. मेरीच्या मागे अशी काहीच वस्तू नाही. हर्सलीचे तिच्या काळचे चर्चही आज नाही. आजची वास्तू १८४८ साली पुरी झाली, ती संत जॉन हेन्री न्यूमन यांचे मित्र जॉन केबल तिथे धर्मोपदेशक असताना.

आमची नातवंडे कॅथलिक आहेत. १६४७ साली प्लिमथच्या शेजारच्या वसाहतीने जेझुइट धर्मगुरूंना हद्दपारीची, आणि पुन्हा आल्यास मृत्यूची शिक्षा ठरवली होती. तिथल्याच चर्चमध्ये धाकटीचा बाप्तिस्मा झाला आणि आम्ही वसईहून नेलेले लुगडे नेसून एक आजी तिथे उभी होती. नोंदवहीत तिचे नाव लिहिले गेले तेव्हा आम्ही अक्षर नीट वाचून घेतले.

गेल्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सासाठी नावे द्यायला आम्ही धर्मग्रामाच्या कार्यालयात गेलो. आईवडील, काका, मावश्या, आणि शेवटी मेरी हॉपकिन्स, हर्सली. टेबलाशी बसलेल्या तरुणाने नाव दोनदा वाचले आणि वर पाहिले.

“हर्सली म्हणजे कुठे आलं, बाई? आणि या कोण लागतात तुमच्या?”

“विहीणबाईंकडच्या,” आम्ही म्हणालो. “लांबच्या. लिही तू.”